पाटावरचा कीबोर्ड

कोपर, डोंबिवली पश्चिम
९ नोव्हेंबर

दादा,

तू माझा नंबर ब्लॉक करून ठेवलायस. तुझ्या कोपरीच्या दुकानात यावं तर आपण दोघं गिऱ्हाइकांसमोर भांडणार, आणि ठाणे पूर्वेच्या रिक्षावाल्यांना फुकटचा तमाशा होणार. म्हणून हे पत्र. शाळेच्या ऑफिसात आयुष्यभर बोनाफाइड आणि दाखले टाइप करत आलेय, एक पत्र टाइप करणं मला जड नाही.

घाबरू नकोस, काम दुकानाचंच आहे. मला टॅबलेटला जोडायचा कीबोर्ड हवाय. कुठला घ्यावा ते तू सांग. कव्हर, चार्जर, कीबोर्ड यातलं तुला जेवढं कळतं तेवढं कोपरीत कुणाला कळत नाही, हे मी भांडणातसुद्धा मान्य करते.

कशासाठी, तेही सांगते. आईला आता जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. कानातलं मशीन घरात थोडंफार चालतं. पण चार माणसं जमली की ते सगळे आवाज एकत्र करून तिच्या कानात ओततं, मग ती ते काढून बटव्यात टाकते. बोललेलं आपोआप उमटतं, ते मोबाइलवरचं ॲपही लावून बघितलं. त्याला पुस्तकातलं मराठी कळतं. आपल्या बायकांचं आगरी बोलणं त्याला कळत नाही, आणि चौघी एकदम बोलल्या की ते गप्पच बसतं. तेव्हा मी ठरवलं, ॲप नको, मी आहे. कोण काय बोलतंय ते मी टॅबवर मोठ्या अक्षरात टाइप करायचं आणि आईने वाचायचं. आई चौथी पास आहे, झरझर वाचते. पण काचेवर टाइप करताना अर्धा स्क्रीन कीबोर्डच खातो, आणि माझा वेग शाळेतल्या वेगाच्या निम्मासुद्धा राहत नाही.

आता मुद्दा. बावीस फेब्रुवारीला तुझ्या निशाच्या लग्नात धवला आई गाणार. हे मी विचारत नाहीये, सांगतेय.

तुझी पोरगी मला सगळं सांगते. इव्हेंटवाला रेकॉर्ड केलेला धवला स्पीकरवर लावणार आहे म्हणे. त्या इव्हेंटवाल्याला माझ्यातर्फे एवढं समजावून सांग. आमच्यात धवलारीण मांडवात बसून गाण्यातून देवांना लग्नाला बोलावते. देवांच्या पाठोपाठ त्या घरातल्या गेलेल्या माणसांना बोलावते, एकेकाचं नाव घेऊन. मागे बसलेल्या बायका ती ओळ धरतात, ते नाव परत घेतात, तेव्हा कुठे ते माणूस मांडवात आलं असं आम्ही धरतो. आता त्याला विचार, काळुराम कोण हे तुझ्या स्पीकरला ठाऊक आहे का?

की नातीच्या लग्नाला बाबा नकोतच?

कीबोर्डचं कळव. हलका हवा, कारण मांडवातून घरात, घरातून पाणवठ्यावर, असं मला आईच्या मागे फिरायचंय. आणि वेगाने टाइप करता येईल असा हवा, कारण बायका थांबत नाहीत. "दोन्ही एकात मिळत नाही मॅडम, काय ते एक ठरवा," असं तू गिऱ्हाइकांना सांगतोस ते मी ऐकलंय. तरी बघ.

भावना

ता. क. आईला हे पत्र माहीत नाही.


कोपर
३० नोव्हेंबर

दादा,

उत्तर नाही आलं, पण निशा आली आणि तिच्या पर्समधून घडीचा कीबोर्ड निघाला. "पप्पांनी नाही दिला हां आत्ये, मीच दुकानातून उचलला." खोटं बोलायला ती तुझ्याकडूनच शिकलीय. तिचेही कान लाल होतात.

हे पत्र त्याच्यावरच टाइप करतेय. दिसायला गोड आहे. मिटला की चष्म्याच्या घराएवढा होतो, वजन म्हणशील तर पर्समध्ये आहे की नाही ते चाचपावं लागतं. पण मधे बिजागरी आहे, त्यामुळे प्रत्येक शब्दाला बोटांना उडी मारावी लागते. टेबलावर चालून जातं. मांडीवर घेतला की पुस्तकासारखा मिटायला बघतो. वाक्यं छोटी येतायत ती त्यामुळे. मी काही शांत झालेले नाहीये.

कोपरच्याच एका घरी साखरपुडा होता, तिथे आईला घेऊन गेले. या कीबोर्डवर भरभर जमेना, म्हणून मी थोडक्यात आवरायला लागले. 'थांब.' 'आता बोल.' 'हसतायत.' आईने विचारलं, "कनाला हसतान?" मी टाइप केलं, 'नंतर सांगते.' मग जी चिडली! टॅब उलटा करून ठेवला आणि उरलेला वेळ भिंतीकडे बघत बसली.

घरी आल्यावर म्हणाली, "मना खुना नको तुज्या. गुरांना करतान तशा. मना बोलना पायजे. कोन काय बोल्ली, कोनी कोनाची मस्करी केली, सगला पायजे. धवला म्हंजे काय नुसता गाना हाय? बायका बोलतान, तवा माजा गाना निंगतं."

मला तोंड वर करायला जागा उरली नाही. तेव्हा घडीचा कीबोर्ड परत पाठवतेय. पर्समध्ये मावतो हे त्याचं कौतुक, पण त्यावर आईच्या वाट्याला खुणाच येतात.

खुणेवरून आठवलं. ठाकुर्लीला तर तुम्ही तिला खूणसुद्धा केली नव्हती. मे महिन्यातलं ते लग्न. मी निवडणुकीच्या कामावर होते, तू आईला घेऊन गेला होतास. आई डोळे मिटून गात होती. मागे ओळ धरणाऱ्या बायकांना जेवायला हाक आली, त्या एकेक करून उठल्या. आईच्या खांद्याला हात लावायचं कुणाला सुचलं नाही. रिकाम्या मांडवात ती एकटीच गात राहिली, आणि कुणीतरी ते मोबाइलवर घेऊन हसायची चित्रं लावून गावभर फिरवलं. त्या व्हिडिओत एका कडेला खांबाला टेकून तू उभा आहेस. मुलगा. उभा.

दुसऱ्या दिवशी मला म्हणालास, "आईला आता घरी बसव, लोक हसतात." त्यावर मी तुला जे बोलले ते बोलले. एक शब्द परत घेत नाही.

दुसरा कीबोर्ड बघ. मोठा चालेल.

भावना


कोपर
४ जानेवारी

दादा,

या वेळी निशाने खोटं बोलायचे कष्टसुद्धा घेतले नाहीत. पिशवी ठेवली आणि म्हणाली, "पप्पा बोलले, परत करायचा असेल तर खोका फाडू नका." म्हणजे तू बोललास. माझ्याशी नाही, खोक्याविषयी का होईना, पण बोललास.

तर हा कव्हर आणि कीबोर्ड एकत्र असलेला. टॅब वर खोचला की सरळ लॅपटॉपच. काय चालतो रे! बटणं खाली जातात तशी वर येतात, बोटांना आपल्या घरी आल्यासारखं वाटतं. पत्र लांबलंय ते त्यामुळे. सराव म्हणून टीव्हीवरच्या चर्चेला बसले. पाच जण एकमेकांवर ओरडत होते, त्यांच्या शिव्यासुद्धा मी सुटू दिल्या नाहीत. आई वाचून खूश. "येवरी शिकलेली मानसा, आन् भांडन नाक्यावरचा!"

जड आहे, ते मात्र खरं. टॅबपेक्षा हाच जड. पिशवीत घालून कोपर स्टेशनचा पूल चढले तर खांदा उतरला. तरी वजन मी सोसेन, पाण्याचे हंडे वाहिलेत आपण. पण खरी अडचण वजनाची नाहीच.

खरी अडचण अशी की स्क्रीन माझ्याकडे तोंड करून बसतो. आईला वाचायचं तर माझ्या खांद्यावरून वाकावं लागतं. पाच मिनिटं वाकेल, दहा मिनिटं वाकेल. धवलारीण मांडवात मांडलेल्या तांदळाच्या राशीकडे तोंड करून बसते, ती माझ्या मांडीत डोकावत राहिली तर देवांना बोलावणार कोण? टॅब तिच्याकडे फिरवावा तर कीबोर्डही त्याच्याबरोबर तिच्याकडे जातो.

तू गिऱ्हाइकांना दोनच प्रश्न विचारतोस, न्यायला सोपा हवा की कामाला चांगला? तिसरा प्रश्न तुम्ही दुकानदार कधी विचारत नाही. वाचणार कोण आहे? हे सगळे कीबोर्ड बनवणाऱ्यांनी धरूनच चाललंय की लिहिणारा आणि वाचणारा एकच.

हाही परत. खोका फाडलेला नाही.

आणखी एक घडलं ते सांगून ठेवते. काल आईने घरातल्या घरात सगळं बोलावणं म्हणून बघितलं. आवाजाला काही झालेलं नाही हां, तू उगाच मनात आणू नकोस. गावदेवी आली, खाडीवरचा देव आला, आजोबा आले, पणजीला तर अशी साद घातली की मी दाराकडे बघितलं. आणि मग ती थांबली. मला वाटलं विसरली. मग लक्षात आलं.

आई बाबांचं नाव घेत नाही. गावातल्या सगळ्यांच्या मेलेल्यांची नावं तिने गाऊन बोलावली, पण स्वतःच्या नवऱ्याचं नाव तोंडाने कधी घेतलं नाही. रेशनच्या दुकानात विचारलं तर मला पुढे करायची, आठवतं? बाबा गेल्यापासून आपल्या घरात लग्न झालं नाही, म्हणून हा प्रश्न कधी आलाच नाही.

मी टाइप केलं, 'मग बाबांना कोण बोलावणार?'

"मी त्यांची जागा सोरीन. घरचा मानुस नाव घेईल."

'मी घेऊ?'

"तुजी बोटा कामान असतीन," म्हणाली, आणि मेथी निवडायला बसली.

मी तुला काही सुचवत नाहीये. घडलं ते कळवलं.

भावना


कोपर
१ फेब्रुवारी

दादा,

अडचण सुटली, आणि सोडवली आईने.

शाळेच्या कॉम्प्युटरचा बिनवायरचा मोठा कीबोर्ड मी शनिवारी घरी आणला होता, मुख्याध्यापिकाबाईंना सांगून. टॅबला जोडून बघितला, जुळला. मी टॅब आमच्या दोघींच्या मधे कुठे ठेवावा म्हणून उशा रचत होते. आईने माझा तो खटाटोप जरा वेळ बघितला, मग टॅब उचलला आणि स्वतःच्या मांडीवर घेतला. "यो माजेकरं. तू मागं बस, बायकांमदी. तुना तया बरा ऐकू येईल."

झालं. टॅब तिच्या मांडीवर, तोंड राशीकडे. मी मागे बायकांच्यात, मांडीवर पाट, पाटावर कीबोर्ड. मला स्क्रीन बघायची गरजच काय? अठरा वर्षं न बघता टाइप करतेय. उठून चालायचं झालं तर पाटाला दोन बाजूंनी ओढणी बांधून गळ्यात अडकवते, चणेवाला टोपली अडकवतो तशी. आई पोट धरून हसली. हसू दे.

कीबोर्ड मात्र परत द्यायचाय, आणि तसाही तो लांबलचक आहे, पाटाच्या दोन्ही बाजूंनी बाहेर येतो. चालताना पाटावरून घसरतो, दोनदा पडला. म्हणून आता नेमकं सांगते. सुटा हवा. पूर्ण मापाचा, पण पातळ. पाटावर बसेल असा. आवाज न करणारा, नाहीतर धवल्यात टकटक ऐकू येईल.

आता जे सांगणार आहे ते मला लिहायचं नव्हतं.

काल आई माझ्या मोबाइलवर ठाकुर्लीचा तो व्हिडिओ बघत बसली होती. मी हिसकावून घ्यायला गेले. ती म्हणाली, "रोज बघते मी." मी टाइप केलं, 'कशाला? स्वतःला त्रास करून घ्यायला?'

"माज्याकरं कोन बघतं? दिपेसकरं बघते." आणि बोट ठेवलं खांबाजवळ, तुझ्यावर. "तुमाला आवाज ऐकू येतं, म्हनून तुमी मनाच बघतान. मना त्वांड दिसतं. बग त्याचा त्वांड."

मी तो व्हिडिओ कधी शेवटपर्यंत बघितलाच नव्हता. सुरुवातीलाच डोकं फिरायचं. काल आवाज बंद करून बघितला. दादा, तुझे ओठ हलतायत. आई एक ओळ म्हणते, मग तू ती ओळ म्हणतोस. सगळ्या बायका उठून गेल्यावर मागची ओळ तू एकटा धरून होतास, शेवटपर्यंत. लहानपणी आईच्या मांडीवर झोपून सगळे धवले पाठ केलेला तूच ना.

"त्यो धरून व्हता," आई म्हणाली. "मंग मी कशी थांबू?" ऐकू येत नव्हतं, डोळे मिटलेले होते, तरी तिला कसं कळलं ते मला विचारू नकोस. कदाचित व्हिडिओ बघून मग तिने ठरवलं असेल. तिलाही विचारायची माझी हिंमत झाली नाही.

माझा राग गेलाय असं समजू नकोस. ओठ हलवत होतास तर मोठ्याने का नाही गायलास? आई तुझी बाजू घेते. म्हणते, ओळ धरायचा मान बायकांचा, बाप्या मानूस चारचौघांत कसा गाईल? मी म्हणते, गाईल. उठून गेलेल्यांचा मान कसला राखायचा?

आणि "लोक हसतात" म्हणालास तेव्हा तुला स्वतःची लाज वाटत होती की तिला कुणी हसू नये असं वाटत होतं, हेही मी विचारलं नव्हतं. आज विचारतेय. उत्तर द्यायचं असेल तर दे.

इव्हेंटवाल्याला नाही सांग. बावीस तारखेला आम्ही दोघी येतोय. तू बोलाव, न बोलाव. निशाने बोलावलंय.

भावना


कोपर
२४ फेब्रुवारी

दादा,

लग्न झालं, तू पाहुण्यांच्या मागे होतास, मी आईच्या. बोलणं झालंच नाही, म्हणून हे शेवटचं पत्र. शेवटचं, कारण यापुढे मी फोन करणार आहे आणि तू उचलणार आहेस.

आधी कीबोर्डचं. लग्नाच्या आदल्या दिवशी तुमच्याकडे निशाने खोका हातात दिला तेव्हा मी उघडून बघितला, आणि वहिनीने चहा आणला तरी तशीच बसून राहिले. पातळ, पूर्ण मापाचा, बिनआवाजाचा, सुटा. आणि पाठीमागे वेल्क्रोच्या पट्ट्या, नीट मापून चिकटवलेल्या. जोडीच्या पट्ट्या पिशवीत वेगळ्या, पाटाला लावायला. चिठ्ठी नाही, काही नाही. पण पाटाचं मी फक्त पत्रात लिहिलं होतं. म्हणजे पत्रं शब्दन्शब्द वाचत होतास. आणि मला वाटत होतं की भिंतीशी बोलतेय.

स्पीकर आणलाच नव्हता, हेही बघितलं.

आता, तुझ्या जागेवरून जे तुला दिसलं नाही ते सांगते. आईच्या मांडीवर काय उमटत होतं ते.

सुरुवातीला नुसती बायकांची बडबड. 'नवरदेवाची मावशी म्हणते, नवरीकडची भाकरी जाड.' 'आपल्याकडची क्षिप्रा म्हणते, मावशीला दात नाहीत तर आम्ही काय करू.' आईने वाचलं, राशीकडे बघूनच हसली, आणि लगेच त्या मावशीवरच एक ओळ रचून गायली. मांडवात काय हशा पिकला तो तू ऐकलास. आईने ऐकला नाही, पण वाचला. 'सगळ्या हसतायत, मावशीपण.' या वेळी का हसतायत हे तिला विचारावं लागलं नाही.

बोलावणं सुरू झालं. गावदेवी, खाडीवरचा देव, आजोबा, पणजी. बायका ओळ धरत होत्या, मी 'धरली' 'धरली' करत पुढे चालले होते. आणि आई थांबली.

बायकांना धरायला ओळच नाही. आई विसरली, असंच सगळ्यांना वाटलं, ठाकुर्लीचा व्हिडिओ तिथल्या प्रत्येकीने बघितलेला. डावीकडून कुणीतरी खुसखुसलं. दुसरी म्हणाली, "म्हातारीला आता जमत नाय." तेही मी टाइप केलं. सगळं सांगायचं असं ठरलंय आमचं, त्यातून मी पळणार नव्हते. आईने वाचलं. मान वळवली नाही. हात मांडीवर, डोळे स्क्रीनवर, जागा सोडून बसून राहिली.

मला ओरडावंसं वाटत होतं, दादा. ते नाव माझ्या जिभेवर होतं. पण बोटं कामात होती.

मग माझ्या मागून तू. आवाज बसलेला, दुकानात बोलून बोलून चिरलेला, सुरात तर मुळीच नाही. "काळुराम बाबा, मांडवान या." सगळ्या बायकांनी गर्रकन मागे वळून बघितलं. एक क्षण वाटलं, आता हसतील. पण त्या मावशीनेच, बिनदातांच्या, आधी ओळ धरली, आणि मग सगळ्यांनी.

माझी बोटं चालेनात. मला पुष्कळ लिहायचं होतं. दादाने हाक मारली, मोठ्याने मारली, सगळ्यांदेखत मारली. इतका चांगला कीबोर्ड हाताखाली, आणि मला एक वाक्य धड जमेना. शेवटी दोनच शब्द टाइप केले.

'बाबा आले.'

आईने वाचलं. आणि दादा, तिने पदर सावरून डोक्यावर घेतला. बाबा कामावरून आले, दारात चपला वाजल्या, की घ्यायची ना, तस्सा. मग पुढची ओळ उचलली.

हे तुला मागून, बायकांच्या गर्दीआडून दिसलं नसणार, म्हणून लिहिलं.

मे महिन्यात ठाकुर्लीला परत एका लग्नाचं बोलावणं आलंय, त्याच आळीत. आई हो म्हणालीय. तू येणार आहेस आणि ओळ धरणार आहेस, खांबाला न टेकता.

कीबोर्ड परत मिळणार नाही. खोका मी फाडला.

भावना